काकूच्या गळ्यातली आक्का

चन्नाकाकू एकटी कधी जेवली नाही. ताट समोर आलं की पहिला घास उचलायची, गळ्याशी न्यायची, थोडं थांबायची आणि मग तोंडात घालायची. चहाचंही तसंच. बशीत बोट बुडवून ते गळ्यातल्या टाकाला लावल्याशिवाय तिनं घोट घेतलेला मी पाहिला नव्हता.

टाक म्हणजे नखाएवढा चांदीचा पत्रा. त्यावर ठोकून उमटवलेली एक बाई. दोन हात, दोन पाय, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा असा टाक घालायची आमच्याकडं रीत होती. पहिलीला मान मिळाला की ती दुसरीच्या संसारात लुडबूड करत नाही, असं म्हणायचे. बाकीच्या बाया तो टाक मंगळसूत्राच्या वाट्यांमागं दडवायच्या. काकूचा सगळ्यांत पुढं असायचा, आम्हा लिंगायतांच्या गळ्यात असते त्या लिंगाच्या डबीच्याही पुढं. आणि ती त्याला सवत म्हणायची नाही. आक्का म्हणायची. काकूचं माहेर उदगीरच्या पलीकडं, कानडी मुलखाला टेकलेलं. तिकडं थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात.

काकूला जाऊन दुसरी दिवाळी झाली. टाक माझ्या कपाटात आहे. मातीच्या वेळी बायांनी तो काढून माझ्या हातात दिला, कारण लेकाच्या जागी मीच होतो. त्या हातानं मी काय केलं होतं ते कुणालाच माहीत नाही. बायकोलाही नाही.

मी काकूच्या धाकट्या दिराचा मुलगा. शाळेसाठी लातूरला अप्पांकडं, म्हणजे थोरल्या काकांकडं आलो आणि नोकरी लागेपर्यंत तिथंच राहिलो. अप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं. दुकान पुढं, घर मागं. मधल्या दारात तुरीच्या पोत्यावर बसून काकू ज्वारी निवडायची आणि कुणाशी तरी बोलत असायची. नवीन माणूस इकडंतिकडं बघायचा. घरात दुसरं कुणी नसायचं.

"कुनाशी बोलायलीस काकू?" मी एकदा विचारलं.

"आक्काशी. औंदाची जवारी दाखवायलेय तिला. लई खडे हायती मनली."

नवं लुगडं आणलं की घडी न मोडता छातीशी धरायची. "आक्का, नेसू का?" मग डोळे मिटून जरा थांबायची आणि म्हणायची, "हाव मनली." एकदा अप्पांनी दिवाळीला जांभळं लुगडं आणलं. काकूनं छातीशी धरलं आणि परत कागदात गुंडाळलं. आक्काला रंग पटला नव्हता. अप्पा भडकले, पण बदलून आणायला मला पाठवलं, काकूसोबत. कापडदुकानदार ओळखीचा होता. गालात हसत म्हणाला, "काकू, दरवर्सी ह्योच ताप. एकदा तुमच्या आक्काला घिऊनच या की दुकानात."

काकूनं पदर बाजूला करून टाक पुढं धरला. "आनलीय की. दाखव तिला ती हिरवी."

दुकानदारानं खरंच हिरवं लुगडं टाकासमोर पसरलं. गिऱ्हाइकं हसली. काकूही हसली. आपलं हसं होतंय याचं तिला काही वाटायचं नाही. तिला घरात तेवढंच एक माणूस होतं, हे मला फार उशिरा कळलं.

अप्पा वाईट नव्हते. मोजकं बोलायचे. माझी फी त्यांनीच भरली. पण संतापले की हात उठायचा. एकदा काकूनं शेजारच्या बाळंतिणीला दुकानातला गूळ न विचारता दिला, त्यावरून वाजलं. अप्पांचा हात वर गेला. काकू मागं सरली नाही. तिनं टाक चिमटीत धरून पुढं केला. "मारायचंच आसंल तर आधी हिला मारा. हिला मारून पचलं तर मग मला."

अप्पांचा हात तसाच राहिला. चेहरा राखेसारखा झाला. ते दुकानात जाऊन बसले. मला वाटलं, भुताला भ्याले. अप्पा कशाला भ्याले होते ते कळायला त्यांच्या मरणानंतरही थांबावं लागलं.

काकूला दोन मुलगे झाले होते, मी येण्याच्या आधी. पहिला नाव ठेवण्याआधीच गेला. दुसऱ्याचं नाव महेश. त्याला दात फुटायला लागले होते. कुणीतरी जाणत्यानं सांगितलं, पहिली राहू देत नाही. दुसरी एखादी असती तर तिनं टाक उपटून फेकला असता. काकूनं त्याचा वेगळाच अर्थ लावला. मला ती एकदा अगदी साधेपणानं म्हणाली, भाकरी थापता थापता, "आक्काला लेकरू झालं न्हवतं रे. मनून माझी न्हेली. न्हेऊ दे. उगं मातीत एकली पडून ऱ्हान्यापरीस बरंय. माझी दोन तिच्यापशी हायती. ती नीट बघत आसंल."

"आणि मी?"

"तुला ठिवलं मला. दोन न्हेली तर एक ठिवावा, येवढी अक्कल हाय तिला."

अप्पा गेले तेव्हा बायांनी काकूचं मंगळसूत्र उतरवलं आणि टाकालाही हात घातला. नवरा गेला, आता सवतीचं काय काम? काकूनं मुठीत धरला. "नवरा गेला मनून भन जाती का?" म्हणाली. बायांनी हात काढून घेतला.

त्यानंतर मी तिला नांदेडला माझ्याकडं आणलं. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ती बसायची आणि आक्काला नांदेड दाखवायची. एका सकाळी मी बूट घालत होतो, तेव्हा मला नावानं हाक मारून म्हणाली, "बसू, एक काम करशील का? आक्काचं नाव काय व्हतं रे?"

मी थांबलो. आयुष्यभर जिला घास दिला, तिचं नाव काकूला माहीत नव्हतं. घरात सगळे 'पहिली' म्हणायचे. काकूनं लग्नानंतर एकदा सासूला विचारलं होतं. मेलेल्याचं नाव घेऊ नये, असं सासू म्हणाली. अप्पांना विचारलं तर ते जेवणावरून उठून गेले.

"नाव काढ. आन् तिला कुठं माती दिली ती जागा दाखव. आता मलाबी जायचंय. जायाच्या आधी लेकरं जिथं हायती ती माती बघू दे."

नाव हेळव्याकडं मिळेल, एवढं मला माहीत होतं. हेळवी म्हणजे आमच्या घराण्यांच्या पिढ्या सांभाळणारा माणूस. सुगी झाली की दारात येतो, खापरपणज्यापासून नावं गातो, घरात जन्मलेल्यांची भर घालतो आणि धान्य घेऊन जातो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता टेम्पो आहे. दारात तो पुरुषांचीच नावं गायचा. बायकांची, कुणी विचारली तरच. आमच्या दुकानासमोर आला की अप्पा घाईनं पायली टाकून त्याला वाटेला लावायचे, हे मला तेव्हा आठवलं.

फोनवर कळलं, त्याचा मुक्काम मुरुडला आहे. मी गेलो. गावाबाहेरच्या माळावर टेम्पोच्या सावलीत तो पानाला चुना लावत बसला होता. घराणं सांगितल्यावर त्यानं डोळे मिटले आणि सुरात म्हणायला लागला. आजोबा आले, अप्पा आले. "अप्पाची पहिली कोण?" मी विचारलं.

"शिवकांता. जळकोटची." तो दुसऱ्या बायकोकडं वळणार, तेवढ्यात मी म्हणालो, "तिची माती कुठं झाली ते पाहिजे होतं."

त्यानं डोळे उघडले. "कुनाची?"

"शिवकांताची."

"आसं आभद्र काय बोलायलाव सायेब? त्या घरी मी संकरातीला जाऊन आलो. भावासंगं नायगावला ऱ्हाती. तिनंच सूप भरून जवारी घातली मला."

मी उठून उभा राहिलो. तो ओशाळला. "मला वाटलं, तुमाला ठावं हाय. आमचं काम मनायचं. न इचारता सांगायचं न्हाई."

नायगाव नांदेडपासून तासाभराच्या वाटेवर. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. किराणा दुकानाच्या ओट्यावर एक उंच म्हातारी डाळ पाखडत बसली होती. हात कोपरापर्यंत पांढरे, हनुवटी पांढरी, कपाळ सावळं. कोड. मी अप्पांचं नाव सांगितलं. सूप थांबलं नाही.

"मेला का?"

"हो. दोन वर्षं झाली."

"बरं झालं, सांगाया आलास. बस."

आत नेऊन तिनं पाणी दिलं आणि विचारण्याआधीच सांगितलं. लग्नाला वर्ष होत होतं तेव्हा बोटांवर डाग आले. सासऱ्यानं जळकोटला आणून सोडलं. औषध करा, बरी झाली की नेतो म्हणाला. "मी बरी व्हायची वाट बघत बसले. मग कुनीतरी येऊन सांगितलं, तुझ्या सासरी तू मेलीस."

जिती सवत असलेल्या घरात कुणी पोरगी देत नाही. म्हणून आमच्या आजोबांनी उदगीरकडच्या लोकांना पहिली वारली असं सांगितलं. खोटं पक्कं व्हावं म्हणून सोनाराकडून टाक घडवला. गळ्यात टाक पडला की बाई मेली. त्यावर कुणी विचारत नाही.

"तुमच्या वडिलांनी काही केलं नाही?"

"माझ्या मागं दोन भनी व्हत्या लग्नाच्या. बाप मनला, डागाची जिती भन आसन्यापरीस मेलेली बरी." मग तिनं मला निरखून पाहिलं. "टाक कशाचा केला माझा? सोन्याचा का चांदीचा?"

"चांदीचा."

"म्हाताऱ्यानं तिथंबी हात आखडला!" ती खळखळून हसली. हसताना डोळ्यांत पाणी कधी आलं ते मला दिसलं नाही.

मी तिला काकूबद्दल सांगितलं. घास, लुगडी, हिरवा रंग. ती ऐकत होती. मुलांचं सांगितलं तेव्हा तिनं हातातला पेला खाली ठेवला.

"माझ्यापशी हायती मनती? लेकरं?"

"हो."

तिनं आपले पांढरे हात मांडीवर घेतले. मग हळूच म्हणाली, "नावं काय व्हती त्यांची?"

मी सांगितलं. पहिल्याला नाव नव्हतं, दुसरा महेश.

"तिला घिऊन ये. न्हाईतर मला ने. येवढं सांभाळलं मला, तिला तोंड तरी दाखवू दे."

मी हो म्हणालो. गाडीत बसताना ती दुकानाच्या पायरीपर्यंत आली होती. हात वर केला नाही, नुसती बघत होती.

आता खरं सांगतो. नांदेडला पोचेपर्यंत माझं ठरलं होतं, की आणायचं नाही. मनाला मी सांगितलं, काकूला सोसणार नाही. आक्का जिवंत आहे म्हटल्यावर काकूची लेकरं कुणाजवळ आहेत? इतकी वर्षं ती ज्यांना सुखरूप समजली, ती एकदम उघड्यावर येतील. हे कारण खोटं नव्हतं. पण ते नंतर सुचलं. आधी आठवली ती माझ्या मुलीची सोयरीक. उदगीरचं मोठं घर. कुंकू लागलं होतं, साखरपुडा व्हायचा होता. ह्यांच्या घरात जिती सून मेली म्हणून सांगतात, टाक करून दुसरी आणतात, हे तिथं पोचलं असतं तर? माझ्या घरातही लग्नाची पोरगी होती. जळकोटच्या त्या बापापेक्षा मी वेगळं काही केलं नाही. तो निदान अडाणी होता.

काकूला मी सांगितलं, "शिवकांता नाव. जळकोटला माहेरी वारली."

त्या दिवशीचा काकूचा आनंद मला अजून सहन होत नाही. "शिवकांताक्का," ती म्हणून बघायची. "शिवकांताक्का, चा घे." खालच्या वॉचमनला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, माझ्या आक्काचं नाव सापडलं, माझ्या बसूनं काढलं. माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी मोडू दिली.

आणि मग ती जळकोटच्या मागं लागली. मी साखरपुड्यापर्यंत लांबवलं, नंतर उन्हाचं कारण काढलं. नायगावहून भावाच्या नातवाचा फोन यायचा, "आत्याआजीनं पिशवी भरून ठिवलीय, कवा येताव?" पुढं पुढं मी तो उचलायचा सोडून दिला. शेवटी काकूनं जेवण कमी केलं, तेव्हा मला जावं लागलं.

जळकोटबाहेर आमच्या लोकांची दफनाची जागा आहे. काही समाध्या बांधलेल्या, बाकी नुसते मातीचे उंचवटे, वर घाणेरी वाढलेली. काकूला गाडीतच बसवून मी पुढं गेलो. कडेला लिंबाच्या झाडाखाली एक बिननावाचा उंचवटा दिसला. जवळ दुसरं काही नव्हतं, सावली होती. बाजारात भाजी निवडावी तसा मी तो निवडला. दोनचार काटक्या बाजूला केल्या आणि काकूला हात धरून आणलं.

"ही."

काकू खाली बसली. पिशवीतून हिरवं लुगडं काढलं, नारळ काढला. त्याखाली दोन झबली होती, हातानं शिवलेली, एक निळं, एक पिवळं. ती कधी शिवली मला माहीत नाही. बारीक टाक्यांची होती. तिचे हात तर थरथरायचे.

लुगडं तिनं मातीवर पसरलं. झबली मांडीवर ठेवली. "शिवकांताक्का," तिनं हाक मारली. थांबली. डोळे मिटून, नेहमीसारखी. परत हाक मारली. मग म्हणाली, "महेशा." लिंबावर होले घुमत होते. मी मागं उभा होतो.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. "हितं न्हाई ती."

"काकू, हीच जागा. लोकांनी दाखवली."

"न्हाई रे. हितं आक्का न्हाई. लेकरंबी न्हाईत." आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं. घर रिकामं आहे हे दारातून कळावं, तसं ती बोलली. झबली उचलून तिनं परत पिशवीत ठेवली. मी लुगड्याकडं वाकलो तर हात धरला. "ऱ्हाऊ दे. हितली कुनी दुसरीच बाई हाय. तिलाबी कुनी नेसवलं नसंल."

तेव्हा सांगता आलं असतं. आक्का इथून दूर नाही, पिशवी भरून बसलीय, हे एक वाक्य होतं. जीभ उचलली होती. मी म्हणालो, "ऊन झालंय काकू, चल."

पावसाळा लागायच्या आत ती गेली. झोपेत. मुलीचं लग्न त्यानंतर थाटात झालं. नायगावला मी अजून कळवलेलं नाही. तिथं ओट्यावर एक बाई डाळ पाखडत बसली असेल. तिच्या लेखी काकू अजून जिवंत आहे आणि मी तिला घेऊन येणार आहे. आमच्या घराला ही सवयच आहे. तो टाक तिच्या हातावर ठेवायला पाहिजे, हे मला कळतं. कपाट उघडतो, कपडे काढतो आणि बंद करतो.

काकूला मी शेवटचं पाहिलं, म्हणजे खरं पाहिलं, ते जळकोटच्या दिवशी, परतीच्या वाटेवर. रस्त्याकडेला एका टपरीपाशी गाडी थांबवली. काकू मागच्या सीटवर बसून होती, पिशवी मांडीवर. मी खिडकीतून चहा दिला. तिनं तो बशीत ओतला. मी बघत होतो. मी वाट बघत होतो.

टाक गळ्यात होता, पदराच्या वर, उन्हात चमकत. काकूनं दोन्ही हातांनी बशी उचलली, एकदा फुंकर मारली आणि पिऊन टाकली.

"थंड झाला व्हता," ती म्हणाली, आणि बशी मला परत दिली.